वकिलाने दावा वाऱ्यावर सोडला, कागदही देत नाही: सनद रद्द होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या शेतजमिनीच्या हद्दीचा दावा दिवाणी न्यायालयात चालू होता. वकील दर वेळी फोनवर ‘पुढची तारीख पडली’ एवढेच सांगत राहिले. मुलीने ई-कोर्ट्सच्या ॲपवर स्वतः पाहिले, तेव्हा दावा गैरहजेरीत कधीच खारीज झाल्याचे कळले. आता वकील फोन उचलत नाहीत आणि मूळ सातबारा-नकाशे परत देत नाहीत. मोजणीच्या आणि कोर्टाच्या खर्चासाठी म्हणून घेतलेल्या रकमेचा हिशोबही देत नाहीत. नवे वकील म्हणतात, आधीच्यांची एनओसी (ना हरकत पत्र) आणा. तिने विचारले आहे की यांची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, रद्द होईल का, आणि आमचे पैसे परत मिळतील का?

वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीसमोर मी तक्रारदारांच्या बाजूने उभा राहिलो आहे, तसाच वकिलांच्याही बाजूने. त्या अनुभवावरून सांगतो: या तक्रारीत दम आहे, ती जरूर करा. पण आज ती करायला बसू नका. सनदीची चौकशी महिनोन्‌महिने चालेल. तुमच्या वडिलांच्या दाव्यातला विलंब मात्र रोज वाढतो आहे, आणि वकिलाची सनद गेली म्हणून जमीन परत मिळत नाही.

या आठवड्यात रोजनाम्याची (न्यायालयातल्या तारखांच्या कामकाजाच्या नोंदीची) आणि निशाणी १, म्हणजे मूळ दाव्याच्या अर्जावरच्या, शेवटच्या आदेशाची प्रमाणित नक्कल मागा. त्या दिवशी कोण हजर होते यावर पुढचे सगळे ठरते. दोन्ही पक्ष गैरहजर असतील, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ३ खाली दावा खारीज झालेला असतो. मग नियम ४ प्रमाणे तो पूर्ववत करून घेण्याचा अर्ज करता येतो, किंवा मुळातली मुदत शिल्लक असेल तर नवा दावाही लावता येतो. प्रतिवादी हजर होता आणि फक्त तुमची बाजू गैरहजर होती, तर तो नियम ८ खालचा आदेश. तिथे त्याच कारणावर नवा दावा चालत नाही, नियम ९ खालचा अर्ज हाच रस्ता उरतो. दोन्ही अर्जांची मुदत दावा खारीज झाल्यापासून ३० दिवसांची आहे. तुमच्या बाबतीत ती उलटून गेली असणार, म्हणून सोबत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज लागेल.

वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला नको, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात घेतली आणि आजही विलंबमाफीच्या अर्जात तिचा आधार घेतला जातो. मात्र न्यायाधीश पक्षकारालाही विचारतात: इतकी वर्षे तुम्ही काय करत होता? म्हणून फोनचे तपशील, व्हॉट्सॲपवरचे संदेश, पैसे पाठवल्याच्या नोंदी, वकिलांच्या ऑफिसात गेल्याच्या खुणा, हे सगळे आत्ताच जपा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका.

इथे एक गोष्ट अगदी लक्ष देऊन वाचा, कारण चांगल्या तक्रारी इथेच मरताना मी पाहिल्या आहेत. विलंबमाफीच्या अर्जावरचे प्रतिज्ञापत्र आणि बार कौन्सिलची तक्रार या दोन्हींत गोष्ट एकच असली पाहिजे. विलंब लवकर माफ व्हावा म्हणून कुणीतरी सुचवते, ‘वडील आजारी होते असे लिहू या’. मग तक्रारीत तुम्ही लिहिता की वकिलांनी तारखा लपवल्या. समितीसमोर उलटतपासणीत समोरचे वकील तेच प्रतिज्ञापत्र तुमच्या हातात देतील आणि विचारतील, यातले खरे कोणते? त्यानंतर तुमच्या तक्रारीत फारसे काही उरत नाही. जे घडले ते, त्याच तारखांनिशी, दोन्हीकडे लिहा.

आता एनओसी. नवे वकील अडून बसलेत ते अगदीच निराधार नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ३९ सांगतो की ज्या प्रकरणात आधीच दुसऱ्या वकिलाचे वकीलपत्र आहे, तिथे त्याच्या संमतीशिवाय हजर होऊ नये. पण तोच नियम पुढे वाटही दाखवतो. संमती मिळत नसेल तर का मिळत नाही ते सांगून न्यायालयाकडे अर्ज करायचा आणि न्यायालयाच्या परवानगीने हजर व्हायचे. म्हणजे एनओसीवाचून तुमचा दावा अडून राहू शकत नाही. नव्या वकिलांना नियम ३९ चा उत्तरार्ध दाखवा. तरीही ते कचरत असतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. दावा वडिलांच्या नावावर आहे, तेव्हा पात्रता त्यांची पाहिली जाईल.

कागदांच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने स्वच्छ आहे. ‘फी बाकी आहे, ती दिल्याशिवाय फाईल मिळणार नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतके ऐकू येते की पक्षकारांना तो वकिलांचा हक्कच वाटतो. तो हक्क नाही. २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कायमचे मिटवले. त्या वकिलांनी एका सहकारी बँकेच्या फाईली ९७,१०० रुपयांच्या फीसाठी अडवून धरल्या होत्या. न्यायालयाने ठरवले की थकलेल्या फीसाठी पक्षकाराचे कागद अडवण्याचा अधिकार वकिलाला नाही. फी वसूल करायची तर त्यासाठी दावा लावावा. मागितल्यावर कागद परत न देणे हे गैरवर्तन ठरते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने तिथे १८ महिन्यांचे निलंबन दिले होते. हा प्रश्न तोवर स्पष्ट नव्हता, म्हणून न्यायालयाने ते ताकीद देण्यापुरते खाली आणले. आज तो स्पष्ट आहे, त्यामुळे ती सवलत आता कुणी गृहीत धरू नये.

म्हणून दुसरे काम म्हणजे लेखी मागणी. वकिलांना एक साधे, सभ्य पत्र लिहा. कोणकोणते मूळ कागद दिले होते त्यांची यादी, कोणत्या तारखेला किती रक्कम दिली, कशासाठी दिली, आणि हिशोबाची नक्कल मागत असल्याचे एक वाक्य. रागाचा एक शब्दही नको. पोच मिळेल अशा पद्धतीने स्पीड पोस्टाने पाठवा, तेच पत्र व्हॉट्सॲपवरही धाडा. हे पत्र लिहायला लावण्याचे कारण आहे. पक्षकाराच्या पैशांचा तारीखवार हिशोब ठेवणे नियमांनी वकिलावर बंधनकारक केले आहे. आलेली रक्कम फी म्हणून घेतली की खर्चासाठी, हे त्या हिशोबात दाखवावे लागते. खर्चासाठी घेतलेली रक्कम पक्षकाराच्या लेखी सूचनेशिवाय फीकडे वळवता येत नाही. आणि नकलेचा खर्च दिला की हिशोबाची प्रत द्यावी लागते. तुमच्या पत्राला उत्तर आले तर अर्धा प्रश्न सुटला. नाही आले, तर ते मौन हाच तुमच्या तक्रारीतला सर्वांत भक्कम पुरावा असेल.

आता सनदीकडे येतो. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टचे कलम ३५ हा सगळ्याचा पाया. ‘व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन’ असे शब्द तिथे आहेत आणि त्यांची व्याख्या कायद्याने दिलेली नाही. ती गेल्या सहा दशकांतल्या निकालांनी घडवली. त्यातून एक रेषा निघते ती नीट समजून घ्या. दावा हरणे हे गैरवर्तन नाही. कायद्याचा मुद्दा चुकीचा मांडणे, एखादा साक्षीदार न तपासण्याचा निर्णय घेणे, तो निर्णय पुढे अंगलट येणे, यासाठी सनद जात नाही. १९६३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसता निष्काळजीपणा किंवा निर्णयातली चूक पुरेशी नाही. निष्काळजीपणा ढोबळ हवा आणि त्यामागे नैतिक अधःपात दिसायला हवा.

तुमच्या प्रकरणात तारखेला न जाणे हा एकटा मुद्दा असता, तर मी तुम्हाला फार आशा दाखवली नसती. तारीख चुकणे कुणाही वकिलाच्या हातून होते, आणि सरळ माणूस दुसऱ्याच दिवशी पूर्ववत करण्याचा अर्ज देतो व पक्षकाराला खरे सांगतो. इथे दावा निकाली निघाल्यावरही ‘तारीख पडली’ सांगणे चालू राहिले. हे खोटे बोलणे आहे, आणि त्या खोट्यामुळे मुदत गेली. तक्रारीचा कणा हा असू द्या. दावा खारीज झाल्याची तारीख आणि त्यानंतर तुम्हाला पाठवलेला ‘पुढची तारीख अमुक’ असा एकेक संदेश शेजारी-शेजारी मांडा. समितीला विशेषणे लागत नाहीत, तो तक्ता पुरतो.

पैशांचा मुद्दा त्याहून गंभीर. पक्षकाराच्या पैशाला हात लावणाऱ्या वकिलाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने क्वचितच दया दाखवली आहे, आणि ते योग्यच आहे. हरीशचंद्र तिवारी प्रकरण मी तरुण वकिलांना नेहमी वाचायला सांगतो. एका वृद्ध, निरक्षर, गरीब शेतकऱ्याचा भूसंपादनाचा मोबदला न्यायालयात जमा होता, रक्कम ८,११८ रुपये. वकिलाने १९८७ मध्ये ती उचलली आणि शेतकऱ्याला सांगितलेच नाही. तक्रार झाल्यावर तडजोड झाल्याचे खोटे प्रतिज्ञापत्र पुढे केले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने तीन वर्षांचे निलंबन दिले. वकीलच अपिलात गेले, आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन अपुरे ठरवून त्यांचे नाव नोंदवहीतूनच काढून टाकले. आठ हजार रुपयांसाठी सनद गेली असे कुणी म्हणेल. सनद गेली ती ज्याला वाचताही येत नाही अशा माणसाने टाकलेल्या विश्वासासाठी. माझ्या मते हा आपल्या व्यवसायाबद्दल दिलेल्या सर्वांत चांगल्या निकालांपैकी एक आहे.

कशाकशासाठी सनद गेली किंवा थांबली, याची आणखी काही उदाहरणे देतो, म्हणजे तुमची तक्रार कुठे बसते याचा अंदाज येईल. शंभूराम यादव प्रकरणात वकिलाने पक्षकाराला पत्र लिहून न्यायाधीशाला देण्यासाठी दहा हजार रुपये मागवले. मधल्या टप्प्यावर त्यांच्या वयाकडे पाहून शिक्षा नुसत्या ताकिदीवर आली होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाव काढून टाकण्याचा आदेश पुन्हा कायम केला. पी. डी. गुप्ता प्रकरणात वकिलाने आपल्याच पक्षकाराची वादातली मालमत्ता विकत घेतली, एक वर्षाचे निलंबन झाले. हिकमत अली खान प्रकरणातल्या वकिलाने प्रतिपक्षावर चाकूने हल्ला केला होता. वकिलीच्या कामाशी त्या कृत्याचा संबंध नव्हता, पण ‘इतर गैरवर्तन’ या शब्दांत ते बसले आणि १९९७ मध्ये नाव कमी झाले. आणि डी. पी. चढ्ढा प्रकरण, २००१ चे: पक्षकाराच्या सहीचे कोरे वकीलपत्र आणि कोरे कागद वापरून बनावट तडजोड न्यायालयात दाखल झाली, पाच वर्षांचे निलंबन कायम राहिले. तुमच्या वडिलांनी कोऱ्या कागदावर सह्या दिल्या आहेत का, हे आज त्यांना शांतपणे विचारा. दिल्या असतील तर वरच्या पत्रात ते कागदही परत मागा.

‘दावा जिंकला की त्यातले चार गुंठे वकीलसाहेबांना’ असे काही तोंडी ठरले असेल, तर तेही लपवू नका. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळकतीत हिस्सा घ्यायला वकिलाला मनाई आहे. १९५४ मध्ये मुंबईतल्या एका ज्येष्ठ वकिलाला वसुलीतला निम्मा हिस्सा घेण्याच्या करारावरून दोषी ठरवले गेले होते. यात पक्षकाराला शिक्षा नाही, पण ही गोष्ट समोरच्याने आधी काढली तर तुमची विश्वासार्हता जाते.

तक्रार कुठे करायची? वकिलाचे नाव ज्या राज्याच्या नोंदवहीत आहे, त्या राज्याच्या बार कौन्सिलकडे. महाराष्ट्रात आणि गोव्यात नोंदलेल्या वकिलांसाठी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, कार्यालय मुंबईत फोर्टला, उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत. वकीलपत्रावरच्या शिक्क्यात सनद क्रमांक असतो, त्यात राज्याचे संक्षिप्त नाव, क्रमांक आणि वर्ष दिसते. सीमाभागात काम करणारे काही वकील कर्नाटकात नोंदलेले असतात, त्यांची तक्रार इथे चालणार नाही. तालुका किंवा जिल्हा बार असोसिएशनकडे अर्ज देऊन पुष्कळ लोक थांबतात. असोसिएशन ही वकिलांची संघटना आहे; मध्यस्थी करू शकते, सनदीला हात लावू शकत नाही. न्यायाधीशांनाही थेट ते करता येत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाच्या एका प्रकरणात वकिलाची सनद स्वतःच निलंबित केली होती, पण १९९८ मध्ये घटनापीठाने तो मार्ग चुकीचा ठरवला. न्यायालय एखाद्या वकिलाला आपल्यासमोर उभे राहायला मज्जाव करू शकते, सनदीचा निर्णय मात्र बार कौन्सिलच्या यंत्रणेतूनच होतो.

तक्रार साध्या पत्रासारखी नको. ती अर्जाच्या स्वरूपात, सही करून, दिवाणी कामातल्या कैफियतीसारखी सत्यापित केलेली लागते, सोबत ठरलेली फी. मराठीत लिहिली तरी चालते. परिच्छेदांना क्रमांक द्या, एका परिच्छेदात एकच घटना ठेवा, प्रत्येक घटनेला कागद जोडा. वकील म्हणून त्यांची नेमणूक कधी झाली, किती पैसे कसे दिले, दावा कधी खारीज झाला, त्यानंतर त्यांनी काय सांगितले, तुम्हाला केव्हा व कसे कळले, पत्र कधी पाठवले. एवढ्यात संपवा. समोरच्या पक्षाने वकील ‘फोडला’ असा संशय असेल आणि पुरावा नसेल, तर तो आरोप घालू नका. एक सिद्ध न होणारा आरोप चार सिद्ध होणाऱ्यांना खाली ओढतो. या कामात पुराव्याची अपेक्षा साध्या दिवाणी दाव्यापेक्षा कडक असते, कारण माणसाची उपजीविका पणाला लागलेली असते. संशयाचा फायदा वकिलाला जातो.

दाखल झाल्यावर वकिलाचे म्हणणे मागवले जाते. मग कौन्सिल ठरवते की प्रथमदर्शनी गैरवर्तन दिसते का. दिसले तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाते. समिती तिघांची: दोन कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य आणि एक बाहेरून घेतलेले अनुभवी वकील. समितीला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. नोटीस महाधिवक्त्यांनाही जाते. तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता, वकील देऊ शकता. उलटतपासणी होईल, तिची तयारी ठेवा. प्राथमिक टप्प्यावरच तक्रार फेटाळली, तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ४८अ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पुनरीक्षण मागता येते. ही वाट फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

या प्राथमिक छाननीला मी महत्त्व देतो, आणि त्याचे कारण दुसऱ्या बाजूचे आहे. आपल्याकडे समोरच्या पक्षाच्या वकिलावर तक्रार ठोकण्याची खोड बोकाळली आहे. त्याने उलटतपासणीत अडचणीचे प्रश्न विचारले, त्याच्या पक्षकाराचे प्रतिज्ञापत्र ओळखून दिले, म्हणून तक्रार. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलने पुढे पाठवलेली अशी प्रकरणे टिकू दिली नाहीत. तक्रारदार त्या वकिलांचे पक्षकारच नव्हते. तुमचे तसे नाही, तुम्ही त्यांच्या पक्षकार आहात. पण अशा पोकळ तक्रारींच्या ढिगाऱ्यात तुमच्यासारख्या खऱ्या तक्रारी थांबून राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

समितीपुढे शेवटी चारच पर्याय असतात: तक्रार फेटाळणे, ताकीद, ठरावीक काळासाठी निलंबन, किंवा नोंदवहीतून नाव काढणे. लोक ज्याला ‘सनद रद्द’ म्हणतात तो चौथा. तुम्ही सांगितले ते सगळे सिद्ध झाले, तर माझा अंदाज निलंबनाचा आहे. खर्चाची रक्कम त्यांनी स्वतःसाठी वापरल्याचे ठामपणे सिद्ध झाले तर त्याहून पुढेही जाऊ शकते. निलंबन केवळ तुमच्या तालुक्यापुरते नसते. त्या काळात भारतातल्या कुठल्याही न्यायालयात किंवा प्राधिकरणासमोर वकिली करता येत नाही, आणि केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. तक्रार दाखल झाल्याबरोबर सनद थांबते असे मात्र नाही. चौकशी चालू असताना ते वकील तुम्हाला कोर्टाच्या आवारात रोज दिसतील. त्याची मानसिक तयारी ठेवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्या चार पर्यायांत नुकसानभरपाई कुठेच नाही, हे तुम्ही पाहिले असेल. समिती तक्रारीच्या खर्चाचा आदेश देऊ शकते आणि तो उच्च न्यायालयाच्या आदेशासारखा वसूल होतो, पण तो खर्च म्हणजे तुमची बुडालेली रक्कम नव्हे. १९७९ च्या रंगादुराई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाला पीडित पक्षकाराला पैसे द्यायला आणि मोफत विधी साहाय्याचे काम करायला लावले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल मला फार आवडतो, पण त्यावर विसंबून राहू नका. ग्राहक मंचाचा दरवाजाही आता बंद आहे. राष्ट्रीय आयोगाने २००७ मध्ये वकिलांच्या सेवेला ग्राहक कायदा लागू धरला होता. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. वकील पक्षकाराच्या सूचनांनुसार काम करतो, म्हणून हा व्यक्तिगत सेवेचा करार आहे आणि तो ग्राहक कायद्याच्या बाहेर राहतो, असे कारण दिले. निकालाशी मतभेद असू शकतो. पण त्यानंतर आम्हा वकिलांच्या स्वतःच्या शिस्तयंत्रणेवरची जबाबदारी वाढली, हे माझ्या व्यवसायबंधूंनी मान्य करायला हवे.

तुमच्याकडे उरतो दिवाणी दावा: न केलेल्या कामाची फी आणि हिशोब न दिलेली रक्कम परत मागण्याचा. साधारणपणे तीन वर्षांची मुदत धरा आणि ती कधीपासून मोजायची हे नव्या वकिलांकडून आधी तपासून घ्या. न्यायालयात भरायला म्हणून दिलेले पैसे भरलेच गेले नाहीत असे कागदांवरून दिसत असेल, तर तो विश्वासघाताचा गुन्हाही होऊ शकतो, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६. पोलिसांकडे जाण्यापूर्वी कोर्टाच्या नकला हातात असू द्या. मोजणीची फी भरली होती का, समन्सचा खर्च भरला होता का, हे रोजनाम्यात आणि भूमी अभिलेख कार्यालयात कळते.

या टप्प्यावर बहुतेक वेळा एक निरोप येतो: ‘पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या.’ पैसे तुमचे आहेत, पावती देऊन घ्या. पण तक्रार मागे घेतो असे लिहून देण्यापूर्वी हे जाणून घ्या की नियमांप्रमाणे केवळ तडजोड झाली किंवा तक्रारदाराला पुढे जायचे नाही म्हणून चौकशी बंद करता येत नाही. एकदा सुरू झालेली ही चौकशी दोघांमधला व्यवहार राहत नाही. त्यामुळे ‘पैसे द्या नाहीतर सनद घालवतो’ असा एकही संदेश कधी पाठवू नका. तो तुमच्याच विरुद्ध वापरला जाईल, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

वेळ किती लागेल? कायद्याचे कलम ३६ब सांगते की तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात राज्य कौन्सिलने ती निकाली काढावी, नाहीतर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही एक वर्षाची मुदत गांभीर्याने पाळायला सांगितले. तरीही तारखा पडतात. आपोआप दिल्लीला गेलेल्या प्रकरणात खेड्यातल्या तक्रारदाराची दमछाक होते, हे मी पाहिले आहे. म्हणून पहिल्या तारखेपासून तुमच्या बाजूने एकही तहकुबी मागू नका, साक्षीचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, आणि समोरून तहकुबी मागितली तर लेखी हरकत नोंदवा. निकालाविरुद्ध ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील होते, आणि तिथून ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. ही अपिले तक्रारदारालाही उपलब्ध आहेत. शिक्षा फार कमी वाटली तर तुम्हीही जाऊ शकता.

हे उत्तर वकीलही वाचतील, त्यांना दोन शब्द. बार कौन्सिलची नोटीस आली की ती खोक्यात टाकू नका. गैरहजर राहिलात तर एकतर्फी चौकशी होते आणि मग सर्वोच्च न्यायालयापर्यंत तीच नोंद तुमच्यासोबत जाते. पक्षकाराच्या खर्चाच्या रकमेसाठी वेगळी वही ठेवा, कितीही छोटी वकिली असली तरी. तारीख चुकली तर त्याच दिवशी पक्षकाराला लेखी कळवा. ज्या प्रकरणांत वकिलाने हे केले होते, त्यांत समितीसमोर त्यांची बाजू मांडताना मला कधी जड गेले नाही.

शेवटची एक व्यावहारिक बाब. वकीलपत्रावर सही वडिलांची आहे, पैसेही त्यांनीच दिले असतील. तक्रार कुणीही करू शकते, पण साक्ष त्यांची लागेल, कारण वकिलांचे बोलणे त्यांच्याशी झाले. तक्रारीवर त्यांची सही घ्या, तुमच्याशी झालेल्या संदेशांपुरती तुमची वेगळी साक्ष द्या. त्यांचे वय किंवा तब्येत प्रवासाला साथ देत नसेल, तर ते पहिल्याच तारखेला वैद्यकीय दाखल्यासह समितीला सांगा आणि त्यांचा जबाब लवकर नोंदवून घेण्याची विनंती करा. तत्पूर्वी मात्र रोजनाम्याची नक्कल. नक्कल विभागात उद्या सकाळीच अर्ज द्या.